फुकटच्या रोपाचे मोल

ज्याच्या दारी चार झाडे आहेत, त्याच्या दारी मागणाऱ्यांची कधी उणीव पडत नाही. शेवंतीच्या बुंध्याशी नवी रोपे फुटली, कर्दळीचा गड्डा वाढला, मोगऱ्याची छाट जगली, की शेजाऱ्यांची नजर तिकडे वळते आणि 'आम्हांलाही एखादे रोप द्या की' अशी मागणी कुंपणावरून येते. मागणारा पैशाची गोष्ट काढीत नाही आणि देणाराही ती काढण्यास लाजतो. जो सद्गृहस्थ शेजाऱ्याजवळ पायलीभर तांदूळ फुकट मागण्यास सहसा धजणार नाही, तोच गुलाबाची फांदी निःसंकोचपणे मागतो. देणाऱ्याची मात्र कुचंबणा होते. नाही म्हणावे तर कद्रू ठरावे. प्रत्येकास हो म्हणावे तर वाफा उघडा पडावा. आणि हौसेने दिलेले रोप महिन्याभराने शेजारच्या डब्यात पाण्यावाचून वाळलेले पाहावे, म्हणजे पुढच्या खेपेस हात आखडतो.

हा प्रश्न घरगुती आणि क्षुल्लक वाटेल. परंतु सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील एका थोर वनस्पतिवेत्त्याच्या आयुष्यात हाच प्रश्न मोठे रूप घेऊन उभा राहिला होता. आणि त्याच्या बागेतून दिल्या गेलेल्या, मागितल्या गेलेल्या व चोरल्या गेलेल्या कांद्यांच्या पोटी पुढे एका सबंध देशाला वेड लावणारा बाजार जन्माला आला. झाड फुकट मागणे आणि फुकट देणे म्हणजे नेमके काय, हे त्याच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशावरून होईल.

या पुरुषाचे नाव शार्ल द लेक्लूझ. विद्वानांच्या चालीप्रमाणे त्याने ते लॅटिन वळणाचे करून घेतले आणि तो क्लूसियस या नावाने प्रसिद्धीस आला. त्याचा जन्म १५२६ साली आरास या गावी झाला. कायदा, धर्मशास्त्र, वैद्यक असे विषय पालटीत तो अखेरीस वनस्पतींपाशी स्थिरावला. १५७३ साली बादशहा दुसरा मॅक्सिमिलियन याने त्याला बाग उभारण्यासाठी व्हिएन्नास बोलाविले. तुर्की सुलतानाच्या दरबारी पूर्वी बादशहाचा वकील असलेला बुसबेक याच्याकडून तेथे त्याला ट्यूलिपचे बी व कंद मिळाले. १५७६ मध्ये मॅक्सिमिलियन वारला; त्याचा पुत्र रूडॉल्फ याला या प्रॉटेस्टंट बागवानाची गरज वाटली नाही. पुढे व्हिएन्ना सोडून क्लूसियस फ्रँकफुर्टला गेला आणि १५९३ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, लायडेन येथील नव्या विद्यापीठाच्या बागेची व्यवस्था पाहण्यासाठी हॉलंडात आला. तेथेच १६०९ साली त्याचे देहावसान झाले.

त्याच्याविषयी एक गोष्ट सतराव्या शतकापासून सांगण्यात येते. क्लूसियसने लायडेनला ट्यूलिप आणले. लोकांनी कांदे मागितले. त्याने त्यांचे असे काही अवाच्या सवा मोल सांगितले की ते घेणे कोणास शक्य नव्हते. तेव्हा एका रात्री कोणीतरी बागेत शिरून उत्तमोत्तम कांदे लांबविले, बियांवरून त्यांची वाढ केली, आणि येणेप्रमाणे साऱ्या हॉलंडात ट्यूलिप पसरले. गोष्ट चटकदार आहे आणि तिच्यात कृपणाची खोड मोडल्याचे समाधानही आहे. चोऱ्या झाल्या हे खरे. १५९६ व १५९८ साली त्याच्या बागेतून कांदे गेले. परंतु क्लूसियस कृपण होता हा त्या गोष्टीतील भाग मात्र पुराव्यास उतरत नाही.

हा पुरावा म्हणजे त्याचा पत्रव्यवहार. त्याला आलेली व त्याने पाठविलेली मिळून सुमारे दीड हजार पत्रे आज उपलब्ध आहेत आणि त्यांपैकी बहुतेक लायडेनच्या ग्रंथालयात आहेत. पत्रे लिहिणारांची संख्या तीनशेच्या घरात जाते. त्यांत सरदार आहेत, औषधविक्रे आहेत, वैद्य आहेत, धर्मगुरू आहेत आणि बागेची जाण असलेल्या कुलीन स्त्रियाही आहेत. शिमेची प्रिन्सेस मारी द ब्रिम्यू ही त्यांतलीच एक. क्लूसियसला लायडेनला आणण्याच्या खटपटीत तिचा हात होता. ही पत्रे चाळली तर विद्वत्तेच्या चर्चेपेक्षा वारंवार भेटते ती मागणी. अमुक कंद असल्यास पाठवा, तमुक बी गेल्या वर्षीचे उगवले नाही, पुन्हा द्या. माझ्याकडे आहे त्याची यादी सोबत जोडली आहे, तुमच्याकडे नाही त्याची यादी मला कळवा. किमतीचा उल्लेख जवळजवळ नाही. देवाणघेवाण मात्र अखंड चालली आहे. पाने वाळल्यावर उन्हाळ्यात काढलेले कांदे पेटीत भरून गावोगाव जात. वाटेत काही कुजत, काही गोठत, काही पोचतच नसत. जे पोचत ते जगले की नाही, त्यास फूल कोणत्या रंगाचे आले, याचा वृत्तांत उलट टपाली येई.

क्लूसियसच्या या मंडळीत झाड फुकट मागणे ही लाजेची गोष्ट नव्हती. किंबहुना मागणे हे त्या मंडळीतील प्रवेशाचे लक्षण होते. कारण काय मागावे हे कळण्यास आधी झाडाची ओळख असावी लागे. परंतु या फुकटपणालाही एक मोल होते आणि ते सर्वांस ठाऊक होते. पहिले हे की, घेणाराने त्या रोपाची निगा राखावी आणि त्याचे काय झाले ते कळवावे. दुसरे हे की, स्वतःच्या बागेत वाढेल त्यातून आज ना उद्या काही तरी परत द्यावे. ते त्यालाच दिले पाहिजे असे नाही, मंडळीतील दुसऱ्या कोणास दिले तरी चाले. तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे देणाऱ्याचे नाव विसरू नये. क्लूसियस हे तिसरे ऋण किती काटेकोरपणे फेडी हे त्याच्या ग्रंथांवरून दिसते. १६०१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वनस्पतींच्या मोठ्या इतिहासात हे झाड मला अमक्या साली अमक्याने पाठविले, अशा नोंदी पानोपानी आढळतात. घोड्याच्या चेस्टनटचे झाड त्याच्या हाती १५७६ साली कसे आले हे सांगताना कॉन्स्टँटिनोपलचा बादशाही वकील डेव्हिड उंगनाड याचा निर्देश तो आवर्जून करतो.

नाव राखण्याची ही वृत्ती केवळ झाडांपुरती नव्हती, याची एक साक्ष आपल्या गोव्याशी निगडित आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा याच्या दरबारी त्याचे जाणेयेणे होते. मुंबईचे बेट त्याने भाडेपट्ट्याने घेतले होते आणि तेथील आंब्याची तो प्रौढी मिरवी. इकडील औषधी वनस्पतींविषयी त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. क्लूसियस त्यानंतर लवकरच स्पेन व पोर्तुगालच्या प्रवासास गेला असता हा ग्रंथ त्याच्या हाती पडला. तो पोर्तुगीज भाषेत असल्यामुळे युरोपातील विद्वानांना जवळजवळ अज्ञात राहिला असता. क्लूसियसने त्याचा लॅटिन संक्षेप करून १५६७ साली अँटवर्प येथे प्रसिद्ध केला आणि तो ओर्ताच्या नावानेच केला. पुढे १५८० साली गोव्याच्या इन्क्विझिशनने ओर्ता गुप्तपणे यहुदी धर्म पाळीत असे या आरोपावरून त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. माणसाची हाडेही जेथे राहू दिली नाहीत, तेथे त्याचे नाव जगाच्या ग्रंथालयांत टिकले, याचे बरेचसे श्रेय कधी न भेटलेल्या या दूरच्या बागवानास आहे. दुसऱ्याकडून घेतलेल्या वस्तूवर दुसऱ्याचे नाव राहू देणे, हीच त्याच्या बागेचीही रीत होती.

आता प्रश्न असा येतो की, इतकी सुंदर रीत टिकली का नाही? या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या लोभात आहे असे आपण चटकन म्हणतो. पण निम्मे उत्तर वनस्पतीच्या स्वभावातच आहे. आणि ते समजण्यास क्लूसियसच्याच हातातून गेलेली दोन झाडे शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

१५८८ च्या जानेवारीत मॉन्सचा सुभेदार फिलिप द सिव्री याने व्हिएन्नास क्लूसियसकडे एका नव्या झाडाचे दोन गड्डे व एक फळ पाठविले. पुढे त्याचे रंगीत चित्रही पाठविले. हे चित्र अँटवर्पच्या संग्रहालयात आजही आहे आणि त्यावर हे झाड कोणाकडून, कोठे व कोणत्या तारखेस मिळाले याची नोंद आहे. ते झाड म्हणजे बटाटा. क्लूसियसने ते लावले, वाढविले आणि मित्रांना वाटले. तेरा वर्षांनी आपल्या ग्रंथात तो लिहितो त्याचा आशय असा की, जर्मनीतील पुष्कळ बागांत आता हे झाड सर्रास दिसू लागले आहे, इतके ते फळाऊ आहे. एका गड्ड्याचे एका हंगामात दहा होतात. तेव्हा मागणाऱ्याला नाही म्हणण्याचे कारणच उरत नाही. असे झाड देण्याने वाढत जाते आणि त्याला बाजार फुटण्यापूर्वीच ते घरोघर पोचते.

ट्यूलिपचे तसे नाही. बी पेरल्यापासून फूल येईपर्यंत पाच ते सात वर्षे जातात, आणि आलेले फूल आईबापांसारखे निघेलच असा भरवसा नाही. हवे तेच फूल पुन्हा हवे असेल तर मूळ कांद्याला बाजूने फुटणाऱ्या पिल्लांवर अवलंबून राहावे लागते आणि ती वर्षाकाठी दोनतीनच मिळतात. त्यातही ज्या फुलांच्या पाकळ्यांवर पांढऱ्या किंवा पिवळ्या जमिनीवर ज्वालांसारख्या रेघा उमटत, ती सर्वांत मौल्यवान. या रेघा म्हणजे वस्तुतः एक रोग होय. मावा या किडीमार्फत पसरणाऱ्या विषाणूमुळे त्या उमटतात, हे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उघडकीस आले. हा रोग कांद्याला दुबळा करतो, त्यामुळे त्याला पिल्लेही कमी फुटतात. म्हणजे जे फूल सर्वांना हवे, तेच सर्वांत सावकाश वाढणारे. असा कांदा देणे म्हणजे हातातली पाच वर्षे देणे होय. बटाटा मागणारा आणि रेघांचा ट्यूलिप मागणारा हे दोघेही 'एखादे रोप द्या' असेच म्हणतात; पण दोघे एकच वस्तू मागत नाहीत. मागणाराला दिसते ते रोप, आणि देणाराला दिसतो तो काळ.

कालांतराने क्लूसियसकडे ज्यांच्या मागण्या येऊ लागल्या, त्यांना हा भेद समजत नव्हता किंवा समजून घ्यावयाचा नव्हता. फुलांची हौस विद्वानांच्या व सरदारांच्या कुंपणाबाहेर पडली होती. दुर्मिळ कांदा बाळगणे हे प्रतिष्ठेचे चिन्ह बनले होते, आणि ज्याची प्रतिष्ठा असते त्याला गिऱ्हाईक मिळते. क्लूसियसकडून स्नेहापोटी मिळालेला कांदा दुसऱ्या दारी विकणारे लोक निघाले. आता व्यापारीदेखील या नादी लागले असून त्यामुळे हा सारा व्यासंग हिणकस होणार, अशी चिंता तो व्यक्त करू लागला. त्याचा हात आखडला तो या सुमारास. मग चोऱ्या झाल्या. पायाने अधू झालेला, सत्तरी ओलांडलेला हा वृद्ध, ज्याने अर्धे आयुष्य फुकट वाटण्यात घालविले, त्याच्याच वाफ्यात रात्री खणले जावे, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नसेल.

त्यानंतरचे प्रकरण सर्वश्रुत आहे. १६३६-३७ च्या हिवाळ्यात हॉलंडात ट्यूलिपच्या कांद्यांचा जो सौदा माजला, त्यात जमिनीखाली असलेले, कोणी न पाहिलेले कांदे कागदावर विकले जात होते. कसबी कारागिराची वर्षाची मिळकत जेथे तीनशे गिल्डरच्या आसपास, तेथे 'व्हाइसरॉय' जातीचा एक कांदा चार हजारांवर गेला. ५ फेब्रुवारी १६३७ रोजी आल्कमार येथे एका मृत गृहस्थाच्या पोरक्या मुलांसाठी त्याच्या कांद्यांचा लिलाव झाला, त्यात सुमारे ९०,००० गिल्डर जमा झाले. त्याच आठवड्यात हार्लेममध्ये गिऱ्हाईक नाहीसे झाले आणि सारा डोलारा कोसळला. देश भिकेस लागला, लोकांनी कालव्यात उड्या घेतल्या, इत्यादी वर्णने १८४१ साली चार्ल्स मॅके याच्या पुस्तकाने जगभर पसरविली. परंतु अलीकडील संशोधकांनी दप्तरे तपासून त्यांतील बरीचशी अतिशयोक्ती असल्याचे दाखविले आहे. अर्थव्यवस्था बुडाली नाही. बुडाला तो शब्द. सौदा ठरवून पैसे न देणारे, एकमेकांना तोंड न दाखविणारे शेजारी आणि नातलग मागे राहिले. ज्या फुलाभोवती एका पिढीपूर्वी विश्वासाचे जाळे विणले गेले होते, त्याच फुलाने तो विश्वास फाडला.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, तात्पर्य उघड आहे: दान ते चांगले, बाजार तो वाईट. इतिहास इतके सोपे तात्पर्य काढू देत नाही. क्लूसियसच्या मंडळीत येण्यास लॅटिन येणे, मोठ्यांची ओळख असणे, आणि बदल्यात देण्याजोगी बाग असणे आवश्यक होते. हार्लेमच्या विणकराकडे यांतले काहीच नव्हते. त्याने कांदा मागितला असता तर कोणत्या नात्याने मागितला असता? बाजाराने त्याला निदान एवढे दिले की, चार पैसे साठविले तर कोणाची मर्जी न राखता तो फूल घेऊ शकला. वेड ओसरल्यावर हॉलंडात कांद्यांचा जो शांत, प्रामाणिक धंदा उभा राहिला तो आजतागायत चालला आहे आणि त्यामुळे ट्यूलिप जगात कोठेही सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. दान हे ओळखीच्या माणसांपुरते असते. अनोळखी माणसाला न्याय देण्याचे काम पुष्कळदा किंमतच करते. हे मान्य केले पाहिजे.

परंतु बाजाराचेही एक टोक आहे आणि ते विसाव्या शतकाने पाहिले. १९३० साली अमेरिकेत असा कायदा झाला की, नवी जात काढणाऱ्यास त्या झाडाचे पेटंट मिळावे. आणि त्याच्या परवानगीवाचून छाट लावून किंवा कलम बांधून ते झाड कोणी वाढवू नये. पुढल्याच वर्षी 'न्यू डॉन' नावाच्या एका वेली गुलाबाला असे पहिले पेटंट मिळाले. नवी जात काढणाऱ्याच्या श्रमांना मोबदला मिळावा यात गैर काही नाही. पण कुंपणावरून शेजारणीला फांदी देणे हे काही वर्षांपुरते का होईना, कायद्याच्या कक्षेत आले, ही गोष्ट मानवजातीच्या बागेत नवी होती. आपल्या देशाने २००१ साली वनस्पतींच्या जातींविषयी जो कायदा केला, त्यात मात्र शेतकऱ्याचा जुना हक्क स्पष्ट शब्दांत राखला आहे: संरक्षित जातीचेही बी तो साठवू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो, त्या जातीचे छाप मारलेले बियाणे म्हणून मात्र विकू शकत नाही. म्हणजे वस्तू सर्वांची, नाव ज्याचे त्याचे. क्लूसियसला हा तोडगा पसंत पडला असता असे वाटते.

आपल्या परसाकडे पाहू. झेंडू, गुलबक्षी, निशिगंध ही फुले आपण देवाला वाहतो, लग्नात माळतो. आणि ती मूळची अमेरिकेतील आहेत हे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटत नाही. ती समुद्र ओलांडून आली आणि मग गावोगाव, परसोपरसी पसरली. यांतला फार थोडा प्रवास विकत झाला असेल. बाकीचा कोणाच्या तरी पदराच्या गाठीतून, कोणाच्या तरी ओल्या फडक्यातून झाला. त्या हातांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. बटाट्याच्या त्या चित्रावर एक ओळ आहे म्हणून मॉन्सच्या एका सुभेदाराला आपण आज ओळखतो; झेंडूचे बी आपल्या गावात प्रथम आणणारी बाई कोण होती हे आपणांस कधीच कळणार नाही. एका ओळीचे एवढे अंतर आहे.

तेव्हा शेजाऱ्याने फुकट रोप मागितले असता काय करावे? जे झाड भराभर वाढते ते हात न आखडता द्यावे. ते राखून ठेवण्यात पुण्यही नाही आणि शहाणपणही नाही. जे सावकाश वाढते ते देण्यापूर्वी मागणाऱ्याला त्यातली वर्षे सांगावी. ऐकून घेण्याइतका धीर ज्याला आहे, त्याला रोप जगविण्याचाही धीर असतो. आणि मागणाराने पैसे देऊ करू नयेत. त्याने तीन गोष्टी द्याव्या: रोपाला पाणी, पुढच्या मागणाऱ्याला त्यातली एक फांदी, आणि ती देताना, हे मूळ कोणाच्या दारचे, एवढा एक शब्द. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी पुष्कळ जण देतात. तिसरी देण्यास काहीच खर्च लागत नाही, म्हणूनच बहुधा ती राहून जाते.